पडणारं बटण

हुपरीत चांदीच्या कामाला जाणारी बाई तिच्या टाचांवरून ओळखावी. भेगांतनं एक करडी रेघ बसलेली असते, घासली तरी न जाणारी. कारखाना म्हणायचं म्हणून म्हणायचं, असते ती घराच्या मागची पडवी. तिथं चपला चालत नाहीत. पैंजण कापताना, घासताना जी बारीक धूळ उडते ती खाली बसते, आणि एकाच्या घरची चांदी दुसरीच्या चपलेला चिकटून गावभर फिरू नये म्हणून चपला उंबऱ्याबाहेर. जाताना दाराजवळच्या टपात हात-पाय धुवायचे. ते पाणीसुद्धा कुणी ओतून देत नाही. खाली गाळ बसतो, तो साठवून विकतात, त्यातनं पुन्हा चांदी निघते. हात न धुता उंबरा ओलांडणाऱ्या बाईला कुणी चोर म्हणत नाही, पण चोराची चुलतबहीण असल्यागत बघतात.

झुंबरबाईनं हा नेम लग्न होऊन गावात आल्यापासून पाळला. माहेर कसबा बावड्याचं, उसाच्या रानातलं. तिथं पायाला लागायची ती माती. इथं पायाला चांदी लागते हे ऐकून ती नव्या नवरीची लाज सोडून हसली होती. "पायाला चांदी आणि ताटात आमटीचं पाणी, भारीच की तुमचं गाव," असं नवऱ्याला म्हणाली होती. नवरा सयाजी हा गणपतराव मालकांच्या पडवीत कामाला होता. तो लवकर गेला. पोरगा लहान होता. तेराव्यानंतर झुंबरबाई सयाजीच्या जागेवर जाऊन बसली आणि कुणी उठ म्हणालं नाही.

गणपतरावांना सख्खी बहीण नव्हती. एका भाऊबीजेला झुंबरबाईनं त्यांना ओवाळलं आणि ती बहीण झाली. मग त्यांचा पोरगा उदयसिंह तिला आत्ती म्हणायला लागला. पोरगं तसं नाकात बोलणारं, हट्टी, पण लाघवी. शाळेतनं आलं की दप्तर फेकून सरळ पडवीत, आत्तीच्या डब्यातली चटणी-भाकरी खायला. स्वतःच्या घरात तूप-पोळी असायची, पण ह्याला आत्तीचा खरडाच पाहिजे. डोळ्यांतनं पाणी काढत खायचं आणि तिच्याच पदराला तोंड पुसायचं. गणपतराव हसून म्हणायचे, "झुंबर, ह्याला तूच ठेव गं." गणपतराव गेले, उदय मालक झाला, मोटारसायकलीची चारचाकी झाली, प्रियदर्शनी नावाची शिकलेली बायको आली, तरी आत्ती ती आत्तीच राहिली. कुणी परगावचा व्यापारी आला की उदय सांगायचा, "ह्या कामाला न्हाईत हो, घरच्याच हाईत." ते ऐकलं की झुंबरबाईचा पाठीचा कणा दोन बोटं सरळ व्हायचा.

पूर्वी पैंजण हातानं घासून चकाकी आणायचे, रिठ्याच्या पाण्यात. मग उदयनं ड्रम आणला. लोखंडाचं पिंप आडवं बसवलेलं, त्याला मोटार. आत पैंजण, रिठ्याचं पाणी आणि लोखंडाच्या बारीक गोळ्या टाकायच्या. पिंप फिरलं की घासून निघतात. झुंबरबाईला ड्रमवर बसवलं, कारण किती वेळ फिरवायचं हे तिला आवाजावरून कळायचं. जोडणी करून दिली ती गल्लीच्या तोंडाला दुकान असलेल्या जिनेशनं. शेतकरी जैनाचं पोरगं, वायरमनचा कोर्स केलेलं, बोलण्यात जरा खवट. त्यानं भिंतीवर एक पांढरं बटण बसवलं आणि सगळ्या बायकांना गोळा करून सांगितलं, "मावशी, मशीनच्या अंगात वीज उतरली की हे आपोआप पडतंय. पडलं की वरती करायच्या आधी मला हाक मारायची. ह्याला शिव्या देऊ नका, हे तुमचं कुत्रं हाय. भुंकतंय ते उगंच न्हाय."

"भुंकून भुंकून काम थांबलं तर भाकरी कोण टाकणार त्याला?" झुंबरबाई म्हणाली, आणि सगळ्या हसल्या.

बरीच वर्षं ते कुत्रं गप्प होतं. मग ऐन लग्नसराईत भुंकायला लागलं. ड्रम सुरू केला की थोड्या वेळानं टक्. बटण खाली, ड्रम बंद, पैंजण अर्धवट घासलेले. वर करावं, पुन्हा टक्. बायका कावल्या. व्यापारी फोनवर फोन करत होते, उदय फोनवर गोड बोलून फोन ठेवला की भिंतीवर हात आपटायचा. झुंबरबाईसुद्धा वैतागली. "उदय, ह्या बटणाला काय पोटशूळ उठलाय काय? ह्याचं काय तरी कर बाबा, न्हाय तर मी ह्याला भिंतीवरनं उपटून टाकते," असं ती एकदा सगळ्यांदेखत बोलली. बोलायची ती तशीच होती. तव्यावर भाकरी करपली तरी ती तव्याला उपटून टाकायला निघायची.

त्यानंतर एके दिवशी ती कामावर आली तर बटण पडेचना. ड्रम आपला गरगर फिरतोय, थांबायचं नाव नाही.

"दुरुस्त केलंस व्हय?" तिनं विचारलं.

"केलं की, आत्ती. आता भुंकायचं न्हाय ते."

"जिनेश आलता?"

"आलता, आलता. मोटार खोलून बघून गेला," उदय म्हणाला आणि मोबाईल कानाला लावून बाहेर गेला.

झुंबरबाईनं तिथूनच, दृष्ट काढावी तशी, कानशिलावर बोटं मोडली. देवानं ह्या पोराला उदंड आयुष्य द्यावं, म्हणाली.

आठवडाभरात तिच्या हाताला मुंग्या यायला लागल्या. ड्रमच्या कडेला हात लागला की मनगटापर्यंत झिणझिण. तिला वाटलं थंडीनं असेल. खाली पोतं टाकून बसली. पण रिठ्याचं पाणी सांडायचं, पोतं भिजायचं, पाय उघडे, आणि झिणझिण काही जाईना. शेवटी तिनं उदयला सांगितलं. त्यानं क्षणभर तिच्याकडं बघितलं. मग हसला. "आत्ती, वय झालं तुझं आता. ह्या वयात नसा कमजोर होत्यात. बी-बाराच्या गोळ्या घे." दुसऱ्या दिवशी स्वतःच कोल्हापुरातनं गोळ्यांची पाकिटं आणून दिली. तिच्या सुनेनं, स्वप्नालीनं ती बघितली आणि म्हणाली, "आई, बघा, पोटच्या पोराला सुद्धा सुचत न्हाय एवढं." पोटचा पोरगा राजवीर कागलच्या कारखान्यात पाळ्यांत होता, त्याला झोपायलाच वेळ मिळत नव्हता, गोळ्या कुठल्या सुचणार. झुंबरबाई रोज जेवणानंतर ती लाल गोळी मोठ्या कौतुकानं गिळायची. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायची, "आमच्या उदयनं आणलीया."

पिंपात उतरलेल्या विजेवर ही बाई जीवनसत्त्वाच्या गोळ्या खात होती. आता सांगताना हसू येतं, पण ते हसू घशाच्या वर येत नाही.

मग तो दिवस आला. ड्रम थांबला होता, निदान तिला तसं वाटत होतं, कारण फिरत नव्हता. पण मोटारीचं बटण चालूच होतं, मोटारीवरनं पिंप फिरवणारा पट्टा तेवढा सटकला होता. तिनं ओला उजवा हात आत घातला, पैंजणांचा झुबका धरला आणि डावा हात कडेवर टेकवला. पुढचं तिला जे आठवतं ते एवढंच, की हात तिचा राहिला नाही. तो कुणीतरी धरला होता आणि सोडत नव्हतं. ओरडायचं होतं, पण दात एकावर एक बसलेले. शेजारची एक बाई "अगं आत्ती" करत तिला ओढायला धावली, तेवढ्यात दारातनं उदयची आरोळी आली, "हात लावू नका! कुणी हात लावू नका!" तो कुणाकडं न बघता सरळ समोरच्या खोलीतल्या मेन स्विचकडं धावला आणि तो खाली ओढला. झुंबरबाई पिंपाच्या कडेवरून गळून पडली.

नंतर तिला एक गोष्ट आठवत राहिली, धुक्यात आठवावी तशी. कुणीतरी तिला दाराजवळ बसवलं होतं आणि तिचे दोन्ही हात गार पाण्यात धरले होते. बांगड्यांचा आवाज प्रियदर्शनीच्या बांगड्यांचा होता. हातांची आग होत होती आणि ते पाणी गार लागत होतं.

कोल्हापुरातल्या दवाखान्यात तिच्या उजव्या हाताची दोन बोटं काढावी लागली. बाकीचा हात आणि डावा तळवाही भाजलेला, आणि जखमा चिघळलेल्या. भूल उतरल्यावर भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती एकच सांगायची, "उदयनं जीव वाचवला बघा. आणि प्रियदर्शनीनं माझं हात गार पाण्यात धरलं. मालकीण म्हणून कोण करतंय का?" शेजारच्या खाटेवरच्या गगनबावड्याच्या बाईला हे इतक्यांदा ऐकावं लागलं की ती डोक्यावरनं पांघरूण घ्यायला लागली.

उदय रोज यायचा. शहाळं आणायचा, स्वतः नळी धरून पाजायचा. तिसऱ्या का चौथ्या दिवशी खाटेजवळ स्टूल ओढून हळूच म्हणाला, "आत्ती, सरकारी बाई यायची हाय. विजेच्या अपघाताची चौकशी करत्यात त्या. काय विचारलं तर सांग, की मी कामाला न्हाय. सहज आलते, भाच्याच्या घरी. चहाला. आणि चुकून मशीनला हात लावला."

"चुकून कसा? मी तर रोज..."

"आत्ती, ऐक की. कामाला हाय म्हटलंस तर मला टाळं लावत्यात. तेवढ्या बायकांची चूल बंद. आणि खोटं काय हाय त्यात? तू कामाला हाईस व्हय? तू घरचीच हाईस की."

घरची. हा शब्द तिनं इतकी वर्षं लोण्यागत चाखला होता. आताही चाखला. ती सरकारी बाई, आदिती तिचं नाव, कागदपेन घेऊन आली. शहरी होती पण उद्धट नव्हती. तिनं विचारलं, "मावशी, तुम्ही तिथं काय काम करता?"

"काम कसलं बाई? भाच्याचं घर हाय. चहाला गेलते."

"चहाला गेलात आणि ओला हात मशीनमध्ये घातलात?"

"म्हातारपणी बुद्धी नाठी व्हतीया," झुंबरबाई म्हणाली. आदितीनं तिच्या टाचांकडं बघितलं आणि निघून गेली. जाताना खाटेजवळच्या टेबलावर आपला नंबर ठेवून गेली.

झुंबरबाई घरी आली तेव्हा हातांची मोठी गाठोडी झाली होती, पांढऱ्या पट्टीची. स्वप्नाली तिला घास भरवायची. पहिल्याच दुपारी जिनेश दारात आला. आत येईना. उन्हात उभा राहून म्हणाला, "मावशी, बरं हाय का?"

"ये की लेका. बस. पाणी पी."

"पाणी नंतर. आधी एक सांगा. मी तुमचं काय वाईट केलं?"

"तू?"

"अख्खं गाव म्हणतंय जिनेशच्या जोडणीनं झुंबरबाईची बोटं गेली. दोन गिऱ्हाइकांनी काम काढून घेतलं. उदयसिंह सगळ्यांना सांगत सुटलाय, जिनेशच आलता, त्यानंच मोटार खोलून बघितली, त्यानंच नीट केली म्हणून."

"मग आलतास न्हवं तू?"

"कुठनं येतोय? मला बोलावलंच न्हाय. बोलावलं असतं तर पहिल्या दिवशीच मशीन बंद करायला लावली असती. बटण पडत हुतं म्हणजे मोटारीतनं वीज पिंपात उतरत हुती. ते काय उगंच पडतंय व्हय?"

झुंबरबाईनं आठवून बघितलं. मग म्हणाली, "पण नंतर पडायचं थांबलं की रे ते."

"थांबलं न्हाय, मावशी. बगल दिली असंल त्याला. मेनमधनं एक वायर सरळ मोटारीला नेली की झालं. बटण भिंतीवर दिसाय दिसतंय, कामाला न्हाय. बघायचं असलं तर त्याच्या पोटावर एक बारकं बटण हाय, ते ड्रम चालू असताना दाबा. मोठं बटण पडंल. त्याबरोबर ड्रम थांबला तर मी खोटा. ड्रम फिरत राहिला तर... मग तुम्हीच ठरवा."

तो पाणी न पिताच गेला.

विश्वास एकदम तुटत नाही, आधी उसवतो. झुंबरबाई पट्टीतले हात मांडीवर ठेवून बसली आणि एकेक टाका आपोआप सुटत गेला. जिनेश आलता का विचारलं तेव्हा फोन वाजला नव्हता, तरी तो कानाला लावून गेला. मुंग्या सांगितल्या तेव्हा क्षणभर बघितलं, मग हसला. आणि त्या दिवशी दारातनंच ओरडला, हात लावू नका. काय झालं, कसं झालं, चक्कर आली का, फिट आली का, काही विचारलं नाही. सरळ मेनकडं धावला. न बघता त्याला ठाऊक होतं.

"स्वप्नाली," तिनं हाक मारली. "त्या दिवशी प्रियदर्शनीनं माझं हात कुठल्या पाण्यात धरलं गं? तू आलतीस न्हवं तोवर?"

स्वप्नाली चुलीपुढं होती. वळली नाही. "जाऊ दे की आई."

"सांग."

"टपात. दाराजवळच्या." मग थोड्या वेळानं म्हणाली, "डॉक्टर विचारत हुते जखमेत ही करडी घाण कसली. मला सांगायला लाज वाटली. त्यांनी मुद्दाम न्हाय केलं हो, आई. सवयीनं केलं. हात धुतल्याशिवाय कुणाला गाडीत..." तिनं तव्यावर भाकरी टाकली.

झुंबरबाईनं इतके दिवस ज्या गार पाण्याचं कौतुक सगळ्या दवाखान्याला ऐकवलं होतं, ते पाणी तिच्या जळक्या हाताला लागलेली चांदी काढून घेत होतं.

ती रडली नाही. तिला आधी राग आला तो स्वतःच्या कौतुकाचा. मग विचारलं, "उदय येऊन गेला का आज?"

"सकाळीच आलते. तुम्ही झोपला हुता." स्वप्नालीनं भाकरी उलटली. "म्हणाले, आत्तीची जागा रिकामी हाय. घरातलीच जागा घरातच राहू दे. उद्यापासून ड्रमवर मला बसा म्हणालेत."

"काय म्हणालीस तू?"

"काय म्हणणार? त्यांचे उपकार हाईत न्हवं. जाते म्हणाले."

 झुंबरबाईनं तिला अडवलं नाही. स्वप्नालीला अडवलं असतं तर ती म्हणाली असती, आई, जिनेश चिडून बोलतोय, मालकावर एवढा संशय बरा न्हाय. आणि खरं सांगायचं तर झुंबरबाईच्या मनात अजून एक वेडा कोपरा होता, जो म्हणत होता, जिनेश खोटा निघू दे. देवा, बोटं गेली ती गेली, पण जिनेश खोटा निघू दे.

सकाळी स्वप्नाली पुढं गेली. मागनं झुंबरबाई निघाली, पदर कसाबसा खांद्यावर टाकून. पडवीपाशी आली तोवर ड्रमचा आवाज यायला लागला होता. तिची पावलं धावायला लागली. दारात बायकांच्या चपलांची रांग होती. तिनं आपल्या काढल्या नाहीत. रबरी चपलांनिशी ती आत गेली.

"आत्ती, चपला!" प्रियदर्शनी ओरडली.

"दिसत्यात मला," झुंबरबाई म्हणाली. "स्वप्नाली, हात वर. मशीनला हात लावू नको. मागं सर तिथनं."

स्वप्नाली उघड्या पायांनी ओल्या फरशीवर उभी होती. ती बावरून मागं सरली. ड्रम फिरत होता. उदय आतनं आला, टॉवेलनं तोंड पुसत.

"काय झालं आत्ती? बरं वाटत न्हाय का?"

"उदय, ते भिंतीवरचं बारकं बटण दाब."

"कुठलं?"

"माझी बोटं मोकळी असती तर मीच दाबलं असतं. दाब."

"आत्ती, काम चालू हाय, पावणं यायचं हाईत माल न्यायला..."

"मग स्वप्नाली दाबंल. स्वप्नाली, लाकडी पाटावर उभी रहा आणि दाब."

उदयनं हात केला, थांब म्हणायला, पण तोवर स्वप्नालीनं पाट ओढून वर चढून बोट टेकवलं होतं. टक्. पांढरं बटण खाली पडलं. पडायचं ते इमानदारीनं पडलं. आणि ड्रम गरगर, गरगर फिरतच राहिला.

 आतल्या पैंजणांचा आवाज तेवढा येत होता. मग उदयनंच जाऊन मेन ओढला आणि पडवी एकदम शांत झाली. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. एकीनं नकळत पाय ओल्या फरशीवरनं उचलला.

"जिनेश आलता का रे?" झुंबरबाईनं विचारलं. आवाज हळू होता. मोठा असता तर त्याला बरं वाटलं असतं.

उदयचा चेहरा आधी पडला, मग ताठ झाला. हे पोरपण तिच्या ओळखीचं होतं. चूक सापडली की ते आधी असंच ताठ व्हायचं. "तूच म्हणालीस की आत्ती," तो म्हणाला. "सगळ्यांदेखत म्हणालीस. हे बटण उपटून टाकते म्हणालीस. इचारा सगळ्यांना. तू म्हणालीस म्हणून त्याला बगल दिली मी."

पडवीतल्या दोघी-तिघींनी खाली बघितलं. म्हणाली तर होतीच ती.

झुंबरबाईला वाटलं होतं तो चुकलो म्हणेल. निदान रडेल. लहानपणी असा ताठून झाला की शेवटी रडायचा आणि तिच्या पदरात तोंड लपवायचा. तेवढं केलं असतं तरी कदाचित तिनं पट्टीतला हात त्याच्या डोक्यावर ठेवला असता आणि पुन्हा एकदा सगळं पोटात घातलं असतं. पण त्यानं तिचीच थट्टा उचलून तिच्याच पायावर टाकली.

"मी म्हणाले ते वैतागून म्हणाले," ती म्हणाली. "मी अडाणी हाय, मला वाटलं बटण बिघडलंय. पण तुला ठाऊक हुतं मशीन बिघडलीया. आणि मला मुंग्या आल्या तेव्हा तू गोळ्या दिल्यास. उदय, मी त्या रोज खाल्ल्या रे. देवाचा प्रसाद खावा तशा खाल्ल्या." तिनं श्वास घेतला. "ते बी मी गिळलं असतं. पण माझ्या सुनेला त्याच पिंपापुढं उघड्या पायानं उभी केलीस. तिच्यासाठी कुठल्या गोळ्या आणणार हुतास?"

"आज-उद्यात करूनच घेणार हुतो," उदय म्हणाला. "एवढी ऑर्डर गेली की."

"चल स्वप्नाली."

घरी येऊन झुंबरबाईनं सुनेला आदितीबाईंना फोन लावायला सांगितला आणि फोन कानाशी धरायला लावला. "बाई, मी झुंबर बोलतीया, हुपरीची. तुम्हाला मी खोटं सांगितलं. चहाला गेलते म्हणाले. मी कामाला हाय तिथं. रोजच्या रोज जात हुते. त्या बटणाला बगल दिलीया. आजच्या आज या, तोवर कोण तरी दुसरी बसंल तिथं."

पलीकडनं कागद चाळल्याचा आवाज आला. मग आदिती म्हणाली, "मावशी, हे तुम्हाला पुन्हा एकदा माझ्यासमोर सांगावं लागेल. त्यांच्यादेखत. जमेल?"

"जमवते," झुंबरबाई म्हणाली.

आणि जमवलं. मशीनला सरकारी सील लागलं. काही दिवस पडवी बंद राहिली. गावात दोन तट पडले. खाल्ल्या घरचे वासे मोजले म्हणणारे जास्त होते. ते मोठ्यानं बोलायचे. चूल बंद पडलेल्या बायकांनी नळावर तिच्याशी बोलणं सोडलं. जिनेशची गिऱ्हाइकं मात्र परत आली, आणि तो एक दिवस आत येऊन बसला, पाणीही प्याला.

मग पडवी पुन्हा सुरू झाली. उदयनं नवी मोटार आणली, कोल्हापूरचा वायरमन बोलावून नवीन बटण बसवलं, ड्रमपुढं जाड रबराची चटई टाकली, आणि पडवीत घालायच्या म्हणून रबरी चपला आणल्या, ज्या आतच राहतात, बाहेर जात नाहीत. इतकं सोपं होतं ते. बायका कामाला गेल्या. स्वप्नालीला बोलावणं आलं नाही, झुंबरबाईला तर नाहीच. स्वप्नाली बसनं दुसऱ्या गावच्या दुधाच्या डेअरीत जायला लागली.

एका संध्याकाळी उदय दारात आला. गाडी गल्लीच्या तोंडाशी लावून चालत आला होता. हातात पिशवी होती. झुंबरबाई उठून उभी राहिली. मनातला तो वेडा कोपरा अजून मेला नव्हता. तो म्हणाला, आला बघ पोरगा.

"झुंबरबाई," तो म्हणाला, "तुमचा डबा आणि वाटी पडवीत राहिली हुती. आणि आमच्या वडलांनी तुम्हाला दिलेलं जुनं घोंगडं. घेऊन ठेवा."

सगळी वर्षं आत्ती आणि तू म्हणणाऱ्या त्या तोंडातनं झुंबरबाई आणि तुम्ही. किती व्यवस्थित म्हणाला. परक्या माणसाशी बोलावं तितकं अदबीनं.

तिनं दोन बोटं नसलेला हात पुढं केला, पिशवी मनगटावर अडकवून घेतली. "चहा ठेवते," ती म्हणाली.

"नको. गडबडीत हाय."

तो गेला. हाताचं कसं आहे हे विचारलं नाही. झुंबरबाई पिशवी मनगटावर तशीच घेऊन उंबऱ्यात बसली, घोंगड्याचा वास घेत. डेअरीतनं परतलेल्या स्वप्नालीनं तिला बघितलं आणि पिशवी काढून घेतली.

"आई, काय झालं? हात ठणकतोय काय?"

"व्हय," झुंबरबाई म्हणाली. "हातच ठणकतोय."